नेहमीचीच नावं

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास "घरात तुमच्याशी बोलणारं कोण कोण असतं?" हा प्रश्न त्याने विचारला, तेव्हा त्याचं अर्धं लक्ष पेनाकडे होतं, कारण पेन उमटत नव्हतं. कान तपासून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारावा लागतो. छापील कागदावर तो सहावा आहे. वय, पत्ता, कानातून पाणी येतं का, चक्कर येते का, यांच्या खाली. घरात कोण ओरडून बोलतं आणि कोण पुटपुटतं, यावरून निम्मा रोग कळतो. समोर बसलेल्या घड्याळवाल्या काकू म्हणाल्या, "आता कोण असणार? हे गेल्यापासून मी आणि चार भिंती." तो म्हणाला, "बरं," आणि पेन झटकून 'कोणी नाही' असं लिहिलं. लिहून झालं आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला. हे गेल्यापासून. म्हणजे घड्याळवाले काका. म्हणजे चर्चमध्ये वाचायच्या आजाऱ्यांच्या यादीतलं चौथं नाव. काल सकाळच्या उपासनेत, सगळ्यांना आवडणाऱ्या आपल्या धीरगंभीर आवाजात, त्याने दोनशे माणसांसमोर प्रभूला विनंती केली होती, की या तुझ्या सेवकाला अंथरुणातून उठव आणि त्याच्या पायांत पुन्हा बळ घाल. आणि दोनशे माणसं एका सुरात आमेन म्हणाली होती. काकू तिसऱ्या बाकावर होत्या. नेहमीच असतात.

"किती महिने झाले, काकू?" त्याने विचारलं. खरं म्हणजे हा प्रश्न कागदावर नव्हता. "आठ," काकू म्हणाल्या. "मुलाकडे नेलं होतं ना उपचाराला, तिकडेच गेले. मी दोन महिने राहून आले परत." त्याने मान हलवली. मान हलवणं त्याला छान जमायचं. मग त्याने त्यांना आवाजबंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं आणि नेहमीचं वाक्य म्हणून दाखवलं, "आवाज कितीही बारीक असो, ऐकू आला की दाबायचं. नाही आला तर नाही दाबायचं." जाड दार लावून तो काचेच्या अलीकडे आपल्या यंत्रापाशी येऊन बसला, आणि उजव्या कानाला पहिला आवाज सोडण्याआधी त्याने एक गोष्ट केली जी तपासणीच्या वेळी कधीच करायची नसते. खिशातून फोन काढला. चर्चच्या मंडळींचा जो ग्रुप होता त्यात मागे मागे जात राहिला. वाढदिवस, सुविचार, हरवलेली छत्री, गायनवृंदाची तालीम. आठ महिन्यांपूर्वीचा एक गुरुवार सापडला. कोणीतरी बातमी दिली होती. तिच्याखाली एकशेचार जणांचे जोडलेले हात होते, आणि त्यातला सातवा निरोप त्याचा स्वतःचा होता: 'प्रभू कुटुंबाला सांत्वन देवो.' वेळ, सकाळचे आठ बारा. म्हणजे त्याला ठाऊक होतं. गुरुवारी त्याने माणसाला निरोप दिला होता, आणि रविवारी त्याच माणसाला बरं कर म्हणून प्रार्थना केली होती, आणि मधल्या तीन दिवसांत या दोन गोष्टींची एकमेकींशी ओळखसुद्धा झाली नव्हती.

तो आवाज सोडत गेला. काचेपलीकडे काकू डोळे मिटून बसल्या होत्या आणि अंगठा बटणावर. या कामात त्याची एकवीस वर्षं गेली होती. डॉक्टर नसताना लोक त्याला डॉक्टर म्हणत, आणि त्यानेही ते कधी फारसं नाकारलं नाही. माणसं कशी फसवतात हे त्याला पाठ झालं होतं. बहिरेपण कबूल करायची लाज वाटते, मग आवाज नसतानाही बटण दाबतात. तपासणाऱ्याचा हात हलला की दाबतात, दोन आवाजांमधलं अंतर मोजून अंदाजाने दाबतात. याला तो खोटं बटण म्हणायचा. घरी बायकोला गमतीने सांगायचाही, की आज एक साहेब आले होते, मी यंत्र बंद करून चहा पीत होतो तरी त्यांना ऐकू येत होतं. काकू मात्र एकदाही खोटं बटण दाबत नव्हत्या. आवाज आला की अंगठा, नाही की नाही. त्यांचा तो सरळपणा बघून त्याला घाम फुटला. कारण एव्हाना त्याच्या मनात एक आशा येऊन बसली होती, आणि ती काय आहे हे त्याला नको तितकं स्पष्ट दिसत होतं. काकूंना कमी ऐकू यावं. फार नाही, पण वाचनाच्या चौथऱ्यावरचं तिसऱ्या बाकावर कळू नये इतकं. कागदावरचे उजव्या कानाचे लाल गोल आणि डाव्याच्या निळ्या फुल्या खाली खाली उतराव्यात; जितक्या खाली, तितकं कमी ऐकू येतं. तसं असलं तर काहीच झालेलं नाही. नाव गुपचूप काढून टाकायचं, आणि कानोकान कुणाला खबर नाही. एका म्हाताऱ्या बाईला बहिरं कर, अशी ती मागणी होती. आणि किती वर्षांनी, त्याला वाटून गेलं, किती वर्षांनी आपण काहीतरी मनापासून मागतोय.

ही यादी त्याच्याकडे वडिलांकडून आली होती. वडील गणिताचे मास्तर, आवाज चिरका, वाचताना अडखळायचे. आजाऱ्यांची नावं ते एका पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहीत, कारण पेन्सिल खोडता येते. दर शनिवारी दुपारी तो कागद खिशात घालून निघायचे आणि एकेका घरी जाऊन बसायचे. कॉलेजात असताना स्कूटरवर त्यांना नेऊन सोडायचं काम त्याच्याकडे होतं, आणि त्याचा त्याला मनस्वी कंटाळा यायचा. वडील आत जाऊन करायचे तरी काय? बोलायचे थोडं, बसायचे फार. एकदा एका घरात तासभर गप्प बसून बाहेर आले आणि म्हणाले, "आज जरा सविस्तर बोलणं झालं." तो खो खो हसला होता. मग ते गेले, आणि मंडळींनी त्याला गळ घातली, की तुझा आवाज काय सुंदर आहे, आता तू वाच. त्याने यादी संगणकावर घेतली, अक्षर मोठं केलं, ओळींमध्ये अंतर ठेवलं. नवं नाव आलं की खाली घालायचं. काढायला मात्र कुणीतरी सांगावं लागतं, आणि बरं झालेलं माणूस आपण बरे झालो हे सांगायला येत नाही, मेलेलं तर नाहीच नाही. वारशात त्याने वाचन घेतलं आणि पायपीट वगळली. अकरा वर्षं लोक दारात हात धरून सांगत, "तू प्रार्थना करतोस ना, अंगावर काटा येतो." तो नम्रपणे हसायचा. डोळे कागदावर असायचे, आणि मनात, खरं सांगायचं तर, दुपारचं जेवण, गाडीचा टायर, नाही तर आपलाच आवाज छताला लागून कसा परत येतो त्याचं कौतुक.

गोल आणि फुल्या वरच राहिल्या. अगदी किनऱ्या आवाजांना थोडी उतरण, सत्तरीच्या पुढे असते तेवढी. बाकी कान ठणठणीत. त्याने दार उघडलं, हेडफोन उतरवला, आणि तोंडातून सरावाचं वाक्य गेलं, "उत्तम आहे, काकू. वयाच्या मानाने फारच चांगलं. मशीनबिशीन काही नको." माणसं हे ऐकून खुलतात. काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी हातातलं बटण सोडलं नाही. "नीट बघितलंस?" "दोनदा बघितलं." "म्हणजे कानात काही नाही?" "काही नाही." काकू आपल्या मांडीकडे बघत अगदी हळू म्हणाल्या, "मग डोक्यातच असणार."

"काय डोक्यात?" त्याने विचारलं, आणि विचारतानाच त्याला कळलं होतं.

"हसू नकोस," काकू म्हणाल्या. "आणि सुनेला सांगू नकोस, ती मला लगेच वेड्यांच्या डॉक्टरकडे नेईल. मला रविवारी ह्यांचं नाव ऐकू येतं. चर्चमध्ये, तू वाचतोस तेव्हा. अगदी स्पष्ट. तिकडून परत आले त्या पहिल्या रविवारी ऐकलं, तेव्हा वाटलं, चुकून झालं असेल तुझं. दुसऱ्या रविवारी परत. म्हटलं, आता कोणीतरी दचकेल, मागे वळून बघेल माझ्याकडे. कोणी नाही. सगळे आमेन म्हणाले. तिसऱ्या रविवारी मी मुद्दाम डोळे उघडे ठेवून सगळ्यांची तोंडं बघितली. शांत. मग शेजारच्या बाईला विचारलं, हळूच, की आज नावं कोणाची कोणाची घेतली गं? तर म्हणाली, नेहमीचीच. आता तूच सांग. दोनशे माणसांना ऐकू येत नाही आणि मला एकटीला येतं, तर बिघाड कुणाचा? दोनशे जणांचे कान कसे बिघडतील? म्हणून तुझ्याकडे आले. म्हटलं कानाचंच काही निघालं तर बरं. कानाला औषध असतं."

त्याच्या जिभेवर उत्तर तयार होतं. आणि ते उत्तर खोटंही नव्हतं. जवळचं माणूस गेल्यावर असे भास होतात, त्याने स्वतः असे चार-पाच जण पाहिले होते, त्याला एक भारदस्त नावही होतं. काळजी करू नका, काकू, दुःखात होतं असं, वर्षभरात आपोआप कमी होईल. आणि ते खरंच कमी झालं असतं, कारण येत्या रविवारपासून नाव वाचलंच गेलं नसतं. काकू बऱ्या झाल्या असत्या. वर त्याचे उपकार मानत राहिल्या असत्या. त्यांना फक्त मरेपर्यंत असं वाटत राहिलं असतं, की मध्यंतरी काही महिने आपल्याला वेड लागलं होतं. "असं बघा," त्याने सुरुवात केली, त्याच धीरगंभीर आवाजात, आणि स्वतःचा तो आवाज कानावर पडताच तिथेच थांबला. तो काकूंच्या समोरच्या बुटक्या स्टुलावर बसला.

"काकू, तुमचं डोकं जागेवर आहे. मी नाव वाचतोय. आठ महिने, दर रविवारी. काका गेले हे मला माहीत होतं, तुम्हाला निरोपसुद्धा पाठवला होता मी. तरी वाचत होतो. मी वाचतो ते मी ऐकत नाही. कोणीच ऐकत नाही."

काकूंनी त्याच्याकडे असं बघितलं की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. आधी त्यांच्या चेहऱ्यावर सुटका आली. मी ठीक आहे, एवढीच. मग ती ओसरली आणि मागे राग राहिला, आणि तो राग त्यांनी लपवला नाही. "सहा महिने," त्या म्हणाल्या. "सहा महिने मी झोपताना देवाला म्हणत होते, मला वेडी करू नकोस." त्यांनी हातातलं बटण खाली ठेवलं. "मग तू प्रार्थना कोणासाठी करत होतास रे?" त्यांना काकांच्या बाबतीत म्हणायचं होतं की दुसऱ्या कुणाच्या, हे त्याने विचारलं नाही. "कोणासाठीच नाही," तो म्हणाला. "तुझ्या वडिलांना वाचता येत नव्हतं नीट," काकू उठता उठता म्हणाल्या, "पण ते आले की आमच्या ह्यांचं दुखणं निम्मं व्हायचं." पर्स घेऊन त्या गेल्या. तपासणीचा कागद टेबलावरच राहिला.

पुढचा माणूस यायला वेळ होता. तो आवाजबंद खोलीत गेला आणि दार आतून ओढून घेतलं. एकवीस वर्षांत तिथे तो कधी एकटा बसला नव्हता. आत इतकी शांतता असते की सुरुवातीला बाहेरचं काही ऐकू येत नाही आणि मग आतलं ऐकू येऊ लागतं. रक्ताची सळसळ, मानेतली कटकट, गिळलेली थुंकी. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "हे कृपाळू स्वर्गीय पित्या," आणि गप्प झाला. तोच तो आवाज. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तोच, लोणी लावलेला. लहानपणापासून ज्याच्याविषयी बोललो, ज्याच्या नावाने बाप्तिस्मा, लग्न, पोरांची नावं झाली, त्याच्याशी बोलायला आपल्याजवळ घरातला आवाजच नाही, हे कळून त्याला पोरकं वाटलं. मग त्याने बोलणं सोडून दिलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. समोर काच होती आणि काचेपलीकडे त्याची स्वतःची रिकामी खुर्ची. आणि त्या खुर्चीकडे बघता बघता त्याला एकदम वाटलं, की आपण कायम तिकडे बसलो, म्हणून आपल्याला वाटत आलं की तपासणारे आपणच. पण कुणीतरी आपल्यालाही वर्षानुवर्षं आवाज पाठवतंय. मोठ्याने नाही. आधी बारीक, मग थोडा मोठा, मग पुन्हा बारीक. न कंटाळता, न रागावता, खोटी बटणं दाबलेली दिसत असूनही. आणि आज म्हाताऱ्या काकूंना पाठवलं. हे असं कुणी त्याला प्रवचनात सांगितलं असतं, तर त्याने जांभई दाबली असती. आता त्याला त्या खुर्चीवरून नजर हलवता येईना. "मी ऐकतच नव्हतो," तो म्हणाला, आणि आवाज चिरका निघाला, ओळखीचा, वडिलांचा. मग तो रडला. त्या खोलीतलं बाहेर काही ऐकू जात नाही, ही एक सोय होती.

रडून माणूस सुधारत नाही, हे त्यालाही माहीत होतं. तो काही विशीतला नव्हता. म्हणून त्या आठवड्यात तो यादी घेऊन संध्याकाळचा एकेका घरी गेला. पहिलं नाव एका निवृत्त शिक्षिकेचं, कंबरेसाठी. त्या शिडीवर उभ्या राहून पंखा पुसत होत्या. "माझं नाव अजून आहे? अगंबाई, मला वाटायचं ती दुसरी कोणीतरी." दुसऱ्या घराला कुलूप, शेजारी म्हणाले, वर्ष झालं त्यांना गाव सोडून. तिसरा एक बसड्रायव्हर, दोन वर्षं खरोखरच अंथरुणाला खिळलेला. त्याला दारात बघून ड्रायव्हर पांढराफटक पडला. "तुम्ही? डॉक्टरांनी काही सांगितलं का माझ्याबद्दल? इतकं वाईट आहे?" त्याला पटवता पटवता नाकी नऊ आले, की नाही हो, नुसता भेटायला आलोय. पटल्यावर ड्रायव्हरने त्याचा हात धरला तो पाऊण तास सोडला नाही. दोघांनाही काही सुचत नव्हतं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "एवढा वेळ काय करत होतात?" तो म्हणाला, "बसलो होतो," आणि तिने त्याच्याकडे जरा निरखून बघितलं. गुरुवारी तो पाळकसाहेबांना जाऊन सगळं सांगून आला. पाळकसाहेब तरुण, भले आणि घाईत असलेले. म्हणाले, "नाव काढून टाका, काकूंपाशी कबूल केलंत, विषय संपला. उपासनेत कशाला बोभाटा? लोक अवघडतील." त्याला हे इतकं पटलं की त्याचा त्यालाच संशय आला. कारण कबुली एकट्या काकूंच्या कानात दिली होती, आणि त्यांना वेडं दोनशे जणांनी मिळून ठरवलं होतं. तो म्हणाला, "साहेब, अवघडू देत. पटत नसेल तर वाचन दुसऱ्या कुणाला द्या, पण हे सांगूनच देईन." पाळकसाहेबांनी कपाळ चोळलं आणि म्हणाले, "थोडक्यात सांगा."

रविवारी तो चौथऱ्यावर उभा राहिला तेव्हा यादीचा कागद खिशातच होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा. खाली माथी झुकलेली, डोळे मिटलेले. "डोळे उघडा," तो म्हणाला. प्रार्थनेच्या वेळी असं कुणी म्हणत नाही, त्यामुळे उघडायला त्यांना वेळ लागला. त्याने सांगितलं. घड्याळवाले काका आठ महिन्यांपूर्वी वारले. मी दर रविवारी त्यांना बरं कर म्हणत होतो. काकूंना ते ऐकू यायचं आणि आपण कुणी दचकत नाही म्हणून त्यांना वाटलं, आपल्याला वेड लागलंय. तेवढंच. गायनवृंदातली एक बाई खाली मान घालून रुमाल शोधू लागली. काकूंच्या शेजारची, नेहमीचीच म्हणणारी बाई, लाल झाली आणि मग तिने काकूंच्या हातावर हात ठेवला. काकूंनी तो ठेवू दिला. पुढची प्रार्थना फार वाईट झाली. तो अडखळला, ड्रायव्हरच्या पाठीवरच्या जखमेचं बोलताना वाक्य अर्धंच राहिलं, दोन नावांमध्ये इतका वेळ गेला की मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं. शेवटी आमेन म्हणायचं राहूनच गेलं. तो चौथऱ्यावरून उतरला, आणि थोड्या वेळाने इथून एक, तिथून एक, असं आमेन आलं, विस्कळीत.

बाहेर दाराशी कुणी त्याच्या आवाजाचं कौतुक केलं नाही. काकू सगळ्यांत शेवटी आल्या. त्याने खिशातून यादीचा कागद काढला; काकूंसमोर तो स्वतः जरा लहानच झाला होता. "काकू, त्या जागी तुमचं नाव घालू?"

"मला काय धाड भरलीय? तूच म्हणालास ना, कान उत्तम."

"कानाचं सोडा. तुम्हीच सांगा काय घालायचं ते."

काकूंनी पायऱ्यांकडे बघितलं. उत्तर द्यायचं की नाही हे ठरवायला त्यांना वेळ लागला, आणि तेवढा वेळ तो नुसता उभा राहिला. "चार ते सहा," त्या शेवटी म्हणाल्या. "हे दुपारची झोप काढून उठले की चार ते सहा आमचं बोलणं व्हायचं. कसलंही. भांडण म्हण हवं तर. आता ते दोन तास घड्याळात आले की मला घरात थांबवत नाही. काल तर मी चप्पल घालून जिन्यात जाऊन बसले."

त्याने पेन काढलं. कागद भिंतीला टेकवून तो लिहू लागला.

"लिहू नकोस," काकू म्हणाल्या. "ये."

त्याच दुपारी तो चारला पाच कमी असताना पोचला. काकूंनी दार उघडंच ठेवलं होतं.